मंद दिव्यांचे मूळ : सोलापुरातील एका जुन्या पिनबॉल यंत्राच्या सॉकेटांचे प्रकरण

सोलापूरच्या पूर्व भागात, टॉवेल विणणाऱ्या एका यंत्रमाग कारखान्याला लागून असलेल्या घराच्या तळमजल्यावर, एक जुने अमेरिकन पिनबॉल यंत्र, म्हणजे फळीवर चेंडू फटकावून गुण मिळवण्याच्या खेळाचे यंत्र, आहे. सध्याच्या मालकांच्या वडिलांनी ते मुंबईतील समुद्रकाठच्या एका क्लबाच्या जुन्या सामानातून घेतले होते, आणि अनेक वर्षे मुंबईतच राहून मग ते सोलापूरला आले. मला बोलावले तेव्हा तक्रार थोडक्यात अशी होती : दिवे कधी मंद जळतात, कधी लुकलुकतात, कधी लागतच नाहीत, आणि बल्ब बदलला की आठवडाभर बरे चालते. या तक्रारीतला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा होता, पण त्याचा खरा अर्थ माझ्याही लक्षात यायला आठवडा लागला.

हे यंत्र इलेक्ट्रोमेकॅनिकल पद्धतीचे आहे. त्यात एकही इलेक्ट्रॉनिक पाटी (सर्किट बोर्ड) नाही. रिले (विजेच्या चुंबकाने चालणारे स्विच), पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारी चाके, अंकांची फिरती चक्रे आणि शेकडो पानस्विच (धातूच्या पात्यांचे स्विच) यांच्या जोरावर सगळा खेळ चालतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी ही पद्धत मागे सारली. अशा यंत्रात दिवे केवळ शोभेसाठी नसतात. कोणत्या लक्ष्याला आता जास्त गुण आहेत, कोणती वाट खुली आहे, पुढचा चेंडू कितवा आहे, हे सगळे खेळाडूला दिव्यांवरूनच कळते. दिवा विझला की खेळाचा तेवढा भाग मुका होतो, म्हणून दिव्यांची दुरुस्ती मी खेळाचीच दुरुस्ती मानतो.

या यंत्रात एकूण ६२ दिवे आहेत, ३४ खेळाच्या फळीवर आणि २८ मागच्या पेटीत, रंगवलेल्या काचेच्या पाठीशी. सगळे ६.३ व्होल्टच्या प्रत्यावर्ती (एसी) दाबावर चालतात. हा आकडा व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेल्या कोणालाही ओळखीचा वाटेल, कारण व्हॉल्व्हच्या हीटरचा दाबही तोच असे आणि रेडिओच्या डायलमागे हेच छोटे बल्ब बसवलेले असत. माझी उमेदीची वर्षे त्याच कामात गेली, म्हणून हे बल्ब मला परके नव्हते. ४४ क्रमांकाचा बल्ब ०.२५ अँपिअर घेतो आणि ४७ क्रमांकाचा ०.१५ अँपिअर; दोघांची बैठक एकच, ९ मिलिमीटर व्यासाची, बाजूला दोन पिना असलेली. आपल्या घरातल्या जुन्या बल्बच्या होल्डरचेच हे धाकटे रूप आहे : दाबायचे, फिरवायचे, सोडायचे.

पहिल्या दिवशी मी फक्त आधी झालेल्या दुरुस्त्यांची नोंद केली, आणि ती बरीच निघाली. बल्ब तीन जातींचे होते. ४४ आणि ४७ यांची सरमिसळ तर होतीच, शिवाय ११ ठिकाणी दुचाकीच्या पार्किंग दिव्याचे १२ व्होल्टचे बल्ब बसवलेले होते. त्यांची बैठक तंतोतंत तीच असल्याने ते सहज बसतात आणि ६ व्होल्टवर लालसर जळतात, त्यामुळे पाहणाऱ्याला दाबच कमी आहे असे वाटते. उजेड वाढावा म्हणून आधीच्या दुरुस्ती करणाऱ्याने बाहेरचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टच्या टॅपवर, म्हणजे बाहेर पडणारा दाब निवडण्याच्या जोडणीवर, नेऊन ठेवला होता. दिव्यांच्या वाटेवर पत्रकाप्रमाणे १० अँपिअरचा फ्यूज हवा होता, त्या जागी तांब्याच्या तारेचे जाड वेटोळे होते. ६ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक या वाटेला निर्धोक समजतात, परंतु ट्रान्सफॉर्मरची कमी दाबाची ही गुंडाळी शॉर्ट झाल्यास इतका प्रवाह देऊ शकते की तारेवरचे आवरण वितळून लाकडी पेटीत धूर व्हावा. फळीखाली शेजारच्या मागांवरून आलेल्या सुताच्या तुसीचा थर साचला होता. ती तूस गरम बल्बांना आणि सांध्यांना चिकटलेली पाहून ते वेटोळे मी त्याच क्षणी काढले, योग्य फ्यूज येईपर्यंत यंत्र बंद ठेवण्यास सांगितले आणि सगळी तूस मऊ ब्रशने व व्हॅक्यूमने काढून घेतली.

टॅपविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर अवलंबून आहेत. यंत्रावरील पाटीनुसार त्याचा आतला ट्रान्सफॉर्मर ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी आहे. आपल्याकडे वारंवारता ५० हर्ट्झ असते. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावरील चुंबकीय ताण दाब भागिले वारंवारता या प्रमाणात ठरतो. म्हणून ५० हर्ट्झवर १२० व्होल्ट देणे म्हणजे गाभ्यावर मूळ योजनेपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त ताण टाकणे होय. सोलापूरच्या उन्हाळ्यात, खोलीचेच तापमान चाळिशीला टेकलेले असताना, तो ट्रान्सफॉर्मर हात ठेवता येणार नाही इतका तापत होता. मी टॅप १०० व्होल्टवर आणला. गाभ्यावरचा ताण जवळपास मूळ पातळीवर आला, चेंडू फटकावणाऱ्या फ्लिपरच्या जोरात फरक पडला नाही, कारण या यंत्रातील सॉलेनॉइडही (ते भाग हलवणाऱ्या विद्युतचुंबकी गुंडाळ्या) प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात आणि त्यांचा जोरही त्याच प्रमाणावर ठरतो. मात्र दिव्यांचा दाब ६.३ ऐवजी ५.५ व्होल्ट झाला. तंतूच्या बल्बचा उजेड दाबाच्या तुलनेत फार वेगाने घटतो, म्हणून एवढ्या फरकाने तो सुमारे एक तृतीयांश कमी होतो. हे मी जाणूनबुजून स्वीकारले, आणि त्यामुळेच वाटेत आणखी अर्धा व्होल्ट गमावणेही या यंत्राला परवडणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर्व ६२ जागी ४७ क्रमांकाचे नवे बल्ब बसवले. कोणत्याही मोजणीआधी बल्ब एकजात करणे गरजेचे असते. नाहीतर आपण सॉकेट (बल्बचा होल्डर) मोजतो आहोत की बल्ब, हेच कळत नाही. बसवताच जवळपास सर्व दिवे लागले. मालकांना वाटले काम झाले. सहा दिवसांनी त्यांचा फोन आला की वीसेक दिवे पुन्हा मंद झाले आहेत, आणि तेव्हा मला त्या पहिल्या तक्रारीचा अर्थ लागला. बल्ब बदलल्याने बरे होत नव्हते. बल्ब दाबून फिरवताना सॉकेटचे गंजलेले सांधे एकमेकांवर घासले जात होते, त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर तेवढ्यापुरता फुटत होता, आणि पुन्हा धरत होता.

आणखी एक धागा मागांवर काम करणाऱ्या एका जुन्या जॉबरने दिला. चहा प्यायला ते त्या खोलीत येत असत. कारखान्याला साप्ताहिक सुट्टी असते त्या दिवशी दिवे फारसे लुकलुकत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते. मी एका सुट्टीला मुद्दाम जाऊन पाहिले, आणि ते खरे होते. माग चालू असताना भिंतीतून आणि फरशीतून येणारी बारीक थरथर हाताला जाणवते. ट्रान्सफॉर्मरमधला किंवा फ्यूजमधला दोष असता तर सगळे दिवे एकदम वर-खाली झाले असते. येथे प्रत्येक दिवा आपापल्या लयीत लुकलुकत होता, आणि थरथर थांबली की शांत होत होता. म्हणजे दोष प्रत्येक सॉकेटच्या आत, हलणाऱ्या सांध्यात होता.

या सॉकेटची रचना समजून घेतली की हे सारे उघड होते. बाहेरची धातूची वाटी बल्बच्या पिना धरून ठेवते आणि बल्बचे एक टोक तिला लागते. ही वाटी एका पोलादी पट्टीवर बसवलेली असते आणि पट्टी लाकडी फळीवर पिनेने ठोकलेली किंवा स्क्रूने आवळलेली असते. एक तार पट्टीला जोडलेली असते; बहुधा ती फळीभर फिरणारी उघडी सामाईक तार असते. वाटी आणि पट्टी यांच्यात मात्र डाख (सोल्डर) नसतो. वाटीची कड केवळ मुडपून पट्टीवर आवळलेली असते. वाटीच्या आत स्प्रिंगवर बसवलेली विद्युतरोधक चकती असते, तिच्या मधोमध बल्बच्या तळाला टेकणारे टोक असते, आणि ते मागे निघालेल्या कानाला जोडलेले असते. दुसरी तार त्या कानाला येते. म्हणजे प्रवाहाला केवळ दाबावर टिकलेल्या दोन-तीन सांध्यांतून जावे लागते. नवेपणी ते चांगले असतात. खाऱ्या हवेत राहिलेल्या यंत्रात पोलादावरचा मुलामा जातो, फटीत गंज धरतो, आणि वरून पाहिल्यास सॉकेट धडधाकट दिसते.

मोजणीत नवशिक्याची फसगत ठरलेली असते. बल्ब काढून सॉकेटच्या दोन टोकांत मल्टिमीटर लावला, तर या यंत्रातील प्रत्येक खराब सॉकेटवर ५.५ व्होल्ट दिसत होते. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यात दाब पडण्याचे कारणच उरत नाही. ओहम मोजूनही उपयोग झाला नाही; एकाच सॉकेटने हात लागला तसा कधी ३ तर कधी ४० ओहम दाखवला. शिवाय बल्ब जागेवर असताना मीटरची सातत्याची (जोडणी अखंड असल्याची) शिट्टी वाजली तरी तिच्यावर विसंबता येत नाही, कारण थंड तंतूचा रोध जळत्या तंतूच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असतो आणि शिट्टी बहुधा त्याच्यातूनच वाजते. खरे मोजमाप एकच : बल्ब जळत असताना दाब कोठे पडतो ते पाहणे.

मागच्या पेटीतील एका मंद दिव्याचे आकडे देतो. ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर ५.५ व्होल्ट, आणि प्रत्यक्ष बल्बच्या बैठकीवर व तळटोकावर मीटरच्या सुया टेकवल्यावर २.९ व्होल्ट. उरलेले २.६ व्होल्ट शोधायचे होते. सामाईक तारेपासून पट्टीपर्यंत नगण्य. पट्टीपासून वाटीपर्यंत १.७, कानापासून मधल्या टोकापर्यंत ०.७, फ्यूजच्या चिमट्यांत ०.२. एवढ्या कमी दाबावर ४७ क्रमांकाचा बल्ब सुमारे ०.१ अँपिअर घेतो, म्हणजे केवळ त्या मुडपलेल्या सांध्याचा रोध १७ ओहमच्या घरात होता. उजेड बल्बच्या पूर्ण क्षमतेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असणार, आणि दिसायला तो निखाऱ्यासारखा होताही. याच दिव्याच्या सामाईक तारेपासून वाटीला मगरी चिमट्यांची एक सुटी तार टेकवली, तशी ज्योत पिवळी झाली. ही सुटी तार म्हणजे या कामातले सर्वांत विश्वासू साधन आहे. ती कोठे टेकवल्यावर दिवा उजळतो, त्यावरून दोषाची जागा सापडते.

अशा रीतीने सर्व ६२ सॉकेटे मोजून वहीत लिहिली. सॉकेटच्या आत एकूण ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाब पडत असेल तरच हात लावायचा, असे मी ठरवले. ३९ सॉकेटे त्यातून सुटली आणि त्यांना मी काहीही केले नाही. ती सगळीच बदलून टाकावीत असा मालकांचा विचार होता. तो मी मान्य केला नाही, कारण पन्नास वर्षे जुन्या प्लायवूडमधून विनाकारण पिना उपटणे हे त्या फळीचे नुकसान आहे. उरलेल्या २३ पैकी १४ मध्ये दोष फक्त वाटी आणि पट्टी यांच्या सांध्यात होता. ती जागेवरच दुरुस्त केली. ९ बदलावीच लागली : चारांची आतली स्प्रिंग मेली होती, तीनची चकती उष्णतेने करपली होती आणि दोघांची वाटी गंजाने खाल्ली गेली होती.

जागेवरच्या दुरुस्तीत वाटी आणि पट्टी यांच्यात डाख भरायचा असतो. यंत्राचा प्लग काढल्याशिवाय हे काम करू नये, कारण त्याच फळीखाली सॉलेनॉइडच्या जास्त दाबाच्या तारा असतात आणि पेटीत मुख्य पुरवठाही असतो. शिवाय बाजारातील अनेक स्टेपडाउन ऑटो पद्धतीचे असतात आणि मुख्य पुरवठ्यापासून वेगळेपणा देत नाहीत. या यंत्राची दोन पिनांची मूळ तार काढून अर्थिंगसह तीन पिनांची बसवली आणि पेटीतील धातूचे भाग अर्थला जोडले. डाखासाठी सांध्याच्या कडेला लहान कानस मारून चकाकते पोलाद वर आणावे लागते. गंजावर किंवा काळ्या पडलेल्या मुलाम्यावर डाख कधीच धरत नाही. ६० वॉटची डाखाची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) वापरावी, कारण पट्टी उष्णता ओढून घेते आणि लहान इस्त्रीने बराच वेळ तापवत बसले की आतली चकती करपते. राळेचा फ्लक्सच वापरावा. आमच्याकडे कल्हईवाले भांड्यांना नवसागर वापरतात आणि पत्र्याच्या कामात ॲसिड चालते. पोलादावर ते फार पटकन धरतात म्हणून मोह होतो, परंतु त्यांचा अवशेष हवेतला ओलावा ओढतो आणि सांधा आतून खातो. या यंत्रातील दोन सॉकेटांवर पूर्वी कोणीतरी ॲसिडने डाख लावला होता. गंजाने वाटी खाल्ली गेलेली दोन सॉकेटे तीच.

पक्कडीने वाटी पिळून घट्ट करणे किंवा संपर्क साफ करणारा फवारा मारणे हे उपाय मीही पूर्वी केलेले आहेत. दोन्ही उपाय बल्ब फिरवण्याइतकेच काम करतात आणि तितकेच दिवस टिकतात. घासलेट तर मुळीच वापरू नये. त्यावर तूस चिकटते.

बदलीची सॉकेटे सोलापूरच्या बाजारात मिळतील का, हे मी आधी पाहिले. ९ मिलिमीटर बैठकीचे होल्डर पॅनेलच्या इंडिकेटरसाठी आणि दुचाकींसाठी मिळतात, पण त्यांची पट्टी निराळी असते, आणि पिनबॉलमध्ये पट्टीची उंची फार महत्त्वाची असते. फळीत बसवलेल्या रंगीत प्लास्टिकच्या चकतीखाली बल्ब नेमक्या अंतरावर यावा लागतो. उंच झाला तर तो चकतीला खालून ढकलतो आणि चेंडू त्या उंचवट्यावर उडतो. खाली राहिला तर चकती अर्धीच उजळते. म्हणून परदेशातून योग्य उंचीची सॉकेटे मागवली आणि ती येईपर्यंत काम थांबवले. मागवताना जुन्या सॉकेटची वाटीची लांबी, पट्टीची लांबी आणि वाकण्याचा कोन मोजून कळवले, त्यामुळे परत पाठवण्याची वेळ आली नाही.

जुनी पिन काढताना सपाट पेचकसाखाली पातळ पत्र्याचा तुकडा ठेवून ती हळूहळू उचलावी, म्हणजे लाकूड दबत नाही. उघडी सामाईक तार कापू नये; तिच्यावर पुढचे अनेक दिवे टांगलेले असतात. नवे सॉकेट मी स्क्रूने बसवले. फळी जेमतेम अर्धा इंच जाड असल्याने १० मिलिमीटरहून लांब स्क्रू घेतला नाही, आणि जुनी भोके बांबूच्या काडीने व गोंदाने भरून घेतली. नव्या सॉकेटांच्या वाटी-पट्टी सांध्यातही बसवण्याआधीच टेबलावर डाख भरला; माग शेजारी असताना नुसत्या मुडपलेल्या सांध्यावर विसंबणे मला पटत नाही. तार जोडल्यावर मागचा कान पट्टीपासून दूर आहे हे बल्ब दोन-तीनदा फिरवून तपासावे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार का आली असेल, याचे उत्तर येथेच मिळाले : एका सॉकेटचा कान बल्बबरोबर फिरून पट्टीला टेकत होता. फ्यूज वारंवार उडत होता, आणि कारण शोधण्याऐवजी कोणीतरी फ्यूजच गप्प केला.

मालकांनी एलईडी बसवण्याविषयी विचारले. एलईडी फार थोडा प्रवाह घेतो, म्हणून खराब सांध्यातही दाब कमी पडतो आणि दोष झाकला जातो. पण सांधा क्षणभर तुटला तर तंतूप्रमाणे उष्णतेवर तगून राहण्याची सोय त्याच्यात नसते, त्यामुळे लुकलुक अधिक बोचते. साध्या एलईडीचा ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती दाबावरचा थरकापही डोळ्यांना जाणवतो. सॉकेटे दुरुस्त झाल्यानंतर हा निव्वळ आवडीचा प्रश्न उरतो, दुरुस्तीऐवजी मात्र एलईडी नको, असे मी सांगितले. ४७ क्रमांकाचे तंतूचे बल्बच कायम ठेवले. ते ४४ पेक्षा कमी तापतात, आणि मागच्या काचेवरील रंग उष्णतेनेच सुटतो.

काम संपल्यावर माग चालू असताना यंत्र तीन तास चालवले आणि प्रत्येक सॉकेटवर पेचकसाच्या लाकडी मुठीने हलके ठोकले. सर्व बल्बांवर ५.२ ते ५.४ व्होल्टच्या दरम्यान दाब मिळाला. फ्यूजचे चिमटे साफ करून आवळल्याने तेथला तोटाही गेला.

पावसाळ्यानंतर केलेल्या मोजणीत फरक नव्हता. जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले आणि यंत्र सलग चार दिवस चालले, तेव्हा डाख लावलेल्या १४ पैकी दोन दिवे पुन्हा लुकलुकू लागले. उघडून पाहिले तर चूक माझी होती. दोन्ही सॉकेटे फळीच्या कोपऱ्यात रिलेच्या मागे अडचणीच्या जागी आहेत. तेथे इस्त्री नीट टेकली नव्हती, पोलाद पुरेसे तापले नव्हते, आणि डाख पट्टीवर पसरण्याऐवजी मण्यासारखा वर बसला होता. या वेळी आधी रिलेची पट्टी सोडवून जागा केली, जुना डाख शोषून काढला, पुन्हा कानस मारून तो भरला आणि जोडीला सामाईक तारेपासून थेट वाटीवर एक छोटी तार जोडली. वहीत त्या दोन सॉकेटांपुढे तशी नोंद आहे, आणि ती वही, उरलेली तीन नवी सॉकेटे व १० अँपिअरचे पाच फ्यूज एका पिशवीत घालून पेटीच्या आतल्या बाजूला टांगून ठेवले आहेत.